चेअरमनच्या घरचं कॅल्शियम

सत्यशीलाच्या गळ्यावरची गाठ सगळ्या गावाला दिसत होती, पण ती चेअरमनच्या बायकोच्या गळ्यावर असल्यामुळे तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सुरुवातीला बोराएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. लिंबाच्याही पुढे गेली तेव्हा सत्यशीला पदर गळ्याभोवती इतका घट्ट लपेटून घ्यायला लागली, की नवख्या माणसाला वाटावं, बाईंना बारमाही सर्दी आहे. घास गिळताना अडकायला लागला, आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला, तेव्हा कुठे बद्रीनाथने, म्हणजे चेअरमनने, गाठ मनावर घेतली.

बद्रीनाथ मांजरसुंब्यापासून थोडं आत असलेल्या गावात दूध संस्थेचा चेअरमन होता. त्याआधी तो एकदा सरपंच झाला होता, पण सरपंचकी गेली आणि संस्था राहिली. संस्था लहान, पण बद्रीनाथचा दुधावरचा विश्वास मोठा. बारसं असो की तेराव्याचं जेवण, दोन माणसं समोर बसली की तो म्हणायचा, "दुधात काय न्हाई ते सांगा मला!" आणि कुणी सांगायच्या आत काय काय आहे ते स्वतःच सांगायला लागायचा.

खुद्द त्याच्या बायकोला दूध आवडत नव्हतं. आवडत नव्हतं म्हणजे वासानेच तिच्या पोटात ढवळायचं. लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूने, छबुबाईने, तिला सांगून ठेवलं होतं, "हे बाहेर कुठं बोलू नको. माझ्या लेकाची इज्जत जाईल." तेव्हा बद्रीनाथ चेअरमनही नव्हता. पण छबुबाई दूरदृष्टीची बाई होती.

ऑपरेशन बीडला झालं. गाठ साधी निघाली, वाईट काही नव्हतं, मात्र थायरॉईड सगळीच काढावी लागली. घरी सोडायच्या दिवशी सर्जन खाटेशेजारी उभे राहून शांतपणे समजावून सांगत होते.

"थायरॉईडच्या मागं अगदी बारक्या चार ग्रंथी असतात. अंगातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्या आम्ही जागेवरच ठेवल्यात, पण शेजारी एवढी उलथापालथ झाली की त्या काही दिवस काम सोडून बसतात. त्या पुन्हा कामाला लागेपर्यंत कॅल्शियम बाहेरून द्यायचं. या पांढऱ्या गोळ्या दिवसातून तीनदा, जेवणानंतर. ही कॅप्सूल त्यांच्याबरोबरच. आणि काढलेल्या थायरॉईडच्या बदली ही बारकी गोळी, सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मनानं काही बंद करायचं नाही. ओठाला, बोटांना मुंग्या आल्या तर वाट बघत बसू नका, इकडं या. कळलं?"

"कळलं, कळलं," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या कानाला फोन होता. दुधाचा टँकर पाली गावाच्या अलीकडे बंद पडला होता, आणि तो टँकरवाल्याला कळलं म्हणत होता. सर्जनना वाटलं, आपल्याला म्हणाला. ते पुढच्या खाटेकडे गेले.

सत्यशीलाने मात्र सगळं ऐकलं होतं. पण ऑपरेशनमुळे तिचा आवाज बसला होता. तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ती काय बोलते ते कळत नव्हतं, आणि तिच्या तोंडाजवळ कान नेण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

घरी आल्यावर भेटायला माणसं यायला लागली. प्रत्येकाने केळी आणली आणि प्रत्येकाने सल्ला आणला. बद्रीनाथचा चुलतभाऊ आश्रुबा पहिल्याच दिवशी आला, गोळ्यांची पाकिटं उलटीसुलटी करून बघितली आणि नाकातून आवाज काढत म्हणाला, "कॅल्शियम? ह्या घरात? आन् विकत आणून?"

"डॉक्टरनं दिल्यात," बद्रीनाथ म्हणाला.

"दिल्या आसतील. पर चेअरमन, तुमी सगळ्या जिल्ह्याला सांगता, दूध प्या, दुधात कॅल्शियम हाय. आन् तुमच्याच घरात बाई गोळ्या खाती. उद्या कुणी इचारलं, चेअरमन, दुधात कॅल्शियम हाय तर वहिनी गोळ्या कशाला खात्यात, तर काय सांगणार?"

बद्रीनाथने पाकिटं आपल्या हातात घेऊन पुन्हा बघितली. असा प्रश्न भर सभेतही येऊ शकतो, हे त्याला पटलं.

"आन् ह्या गोळ्यांनी मुतखडा हुतो," छबुबाईने आतून भर घातली. "माझ्या भावाला झालता. गडाबडा लोळायचा. गाठ काढली, रोग गेला. आता ह्या गोळ्या कशाला?"

सत्यशीला भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरनं बजावून सांगितलंय, बंद करायच्या न्हाईत."

"काय म्हणली?" आश्रुबाने विचारलं.

"हो म्हणली," बद्रीनाथ म्हणाला.

अशा तऱ्हेने ठराव मंजूर झाला. सूचक आश्रुबा, अनुमोदक छबुबाई, विरोधी मत ऐकू न आल्यामुळे एकमताने. पांढऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल बंद, त्याऐवजी सकाळ, दुपार, संध्याकाळ पितळेचा मोठा गिलास भरून निरसं दूध. सकाळची बारकी गोळी ठेवली, कारण ती बारकी होती. तीही छबुबाईने दुधाबरोबरच द्यायला सुरुवात केली, म्हणजे अंगी लागेल.

सत्यशीलाने दोन दिवस नाक दाबून दूध प्यायलं. तिसऱ्या दिवशी ओकली. त्यानंतर ती अर्धं प्यायची आणि अर्धं कुणी नसताना मोरीत ओतायची. दूध मोरीत ओतताना तिला पाप केल्यासारखं वाटायचं. गोळ्यांची पाकिटं कुठे आहेत असं तिने छबुबाईला एकदा विचारलं. छबुबाई म्हणाली, "ठेवल्यात नीट. तू दुधावर ध्यान दे."

त्याच आठवड्यात चंद्री व्याली. चंद्री म्हणजे बद्रीनाथची लाडकी गाय, काळीपांढरी, भरल्या अंगाची. आधीची गाय व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी अंग टाकून बसली होती. मान पोटाकडे वळवून पडली, कान गार पडले, आणि सलाईन मिळेपर्यंत गेली. अंगातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरलं म्हणून असं होतं, हे तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं होतं. बद्रीनाथने त्या गाईचा फार शोक केला होता. म्हणून चंद्रीच्या बाबतीत त्याने हयगय केली नाही. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे कॅल्शियमचा कॅन आणला, माप ठरवून घेतलं, आणि ते पाजायचं काम कुणा गड्यावर न सोपवता स्वतः करायला लागला. सकाळी उठला की आधी गोठ्यात. एका हाताने चंद्रीचा जबडा वर धरायचा, दुसऱ्या हाताने बाटली तोंडात घालायची, आणि तोंडाने म्हणायचं, "पी माय माझी, पी. चुकवायचं न्हाई. एक दिवस बी चुकवायचं न्हाई."

सत्यशीला गोठ्याच्या दारात उभी राहून हे बघत होती. तिचा आवाज आता थोडा उघडला होता. ती म्हणाली, "तिला बी दूधच पाजा की. तिचं तर घरचंच हाय."

बद्रीनाथने मागे वळून बघितलं. त्याला ती चेष्टा वाटली नाही, कारण सत्यशीला चेष्टा करते हे त्याला माहीत नव्हतं. तो समजुतीने म्हणाला, "अगं, जनावर हाय ते. त्याला काय हुतंय ते तोंडानं सांगता येत न्हाई. आपल्यालाच बघावं लागतं."

सत्यशीलाला तोंडाने सांगता येत होतं. म्हणून तिने सांगितलं. "अवो, माझ्या ओठाला मुंग्या येत्यात. बोटं बधिर झाल्यागत वाटत्यात."

"अशक्तपणा हाय. दूध वाढव."

छबुबाई म्हणाली, नस दबली असेल, आणि बोटांना तेल चोळून दिलं. छबुबाई मनाने वाईट नव्हती. सुनेची बोटं चोळताना ती बराच वेळ तिच्याशी गोड बोलत बसली, आणि बोटांना खरंच जरा बरं वाटलं. त्यामुळे सत्यशीलाला स्वतःलाही वाटायला लागलं, की असेल बाई अशक्तपणाच. एवढी माणसं म्हणतात.

पुढच्या आठवड्यात संस्थेचा दूध उत्पादक मेळावा होता. संस्थेच्या आवारात मंडप घातला होता. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते, पांढरी पँट घालून आलेही. व्यासपीठावर साहेब, चेअरमन, पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. शिवकन्या, ज्यांना सगळं गाव डॉक्टरीणबाई म्हणायचं, आणि कडेला सत्यशीला. सत्यशीलाला वर बसवायची कल्पना आश्रुबाची. चेअरमनच्या पत्नी मोठ्या ऑपरेशनमधून उठल्या त्या नुसत्या दुधावर, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे असं त्याचं म्हणणं होतं. साहेबांच्या हस्ते तिला दुधाचा गिलास द्यायचा, तिने तो सगळ्यांसमोर प्यायचा, फोटोवाल्याने फोटो काढायचा.

त्या सकाळी सत्यशीलाचा चेहरा आखडल्यासारखा झाला होता. ओठाचा कोपरा आपोआप उडत होता. तिने पावडर लावताना आरशात ते बघितलं आणि बद्रीनाथला म्हणाली, "आज मी न्हाई येत."

"पत्रिकेत नाव छापलंय," तो म्हणाला. ती आली.

बद्रीनाथचं भाषण रंगात आलं होतं. "कॅल्शियम, कॅल्शियम म्हणत्यात लोकं. आरं, आपल्या दारात गाय हाय, औषधाचं दुकान कशाला पायजे? हे बघा, समोर बघा, आमच्या घरचंच उदाहरण—"

एवढं बोलून त्याने हात केला आणि साहेबांनी हसत गिलास पुढे केला. सत्यशीलाने उजवा हात उचलला. हात उचलला गेला, पण पुढे तिच्या ऐकण्यात राहिला नाही. मनगट आतल्या बाजूला वाकलं, पाचही बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि अंगठा तळव्यात शिरला. पाखराच्या चोचीसारखा हात. त्या चोचीने गिलास धरता येईना. साहेबांना वाटलं, धरला. त्यांनी सोडला. सगळं दूध पांढऱ्या पँटवर गेलं. पँट पांढरी असल्यामुळे लांबून कुणाला दिसलं नाही, पण साहेब ओरडले ते सगळ्यांना ऐकू आलं.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. मागून एक बाई म्हणाली, "नगं म्हणाली वाटतं दूध." बद्रीनाथ दात दाबून कुजबुजला, "घ्यायचं की गं, लोकं बघायलेत!" आणि तेव्हा त्याचं तिच्या दुसऱ्या हाताकडे लक्ष गेलं. तोही तसाच वाकला होता. तिचे डोळे मोठे झाले होते, श्वास घेताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

डॉ. शिवकन्या खुर्ची सरकवून तिच्याजवळ आल्या. त्यांनी मनगट हातात घेतलं, गळ्यावरचा पदर बाजूला केला, ताजा व्रण बघितला आणि बद्रीनाथकडे मान वर केली.

"चेअरमन, थायरॉईडचं ऑपरेशन ना? कॅल्शियम चालू हाय ना यांचं?"

बद्रीनाथसमोर माईक होता, माईक चालू होता, आणि सबंध गाव ऐकत होतं. तो म्हणाला, "दूध चालूय."

"दूध न्हाई हो! गोळ्या! गोळ्या कुठंयत?"

"घरी."

"मग पळा!"

घर संस्थेच्या मागेच होतं. नेहरू शर्टातला चेअरमन गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पळताना बघितला. छबुबाई गुडघे दुखतात म्हणून मेळाव्याला आली नव्हती, ओसरीवर शेंगा निवडत बसली होती.

"आई, हिच्या गोळ्या कुठंयत?"

"कंच्या?"

"पांढऱ्या! कॅल्शियमच्या!"

"त्या व्हय?" छबुबाई म्हणाली. "त्या चंद्रीला घातल्या की. पेंडीत कुस्करून. एवढ्या चांगल्या गोळ्या, उकिरड्यावर फेकून द्यायच्या का?"

बद्रीनाथने गोठ्याकडे बघितलं. चंद्री रवंथ करत होती. तिची तब्येत उत्तम होती.

डॉक्टरीणबाईंनी तोपर्यंत सत्यशीलाला आपल्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं होतं. बद्रीनाथ तिच्या शेजारी बसला आणि गाडी मांजरसुंब्याच्या दिशेने निघाली. गोळ्या चंद्रीच्या पेंडीत गेल्याचं त्याने खाली मान घालून दोघींना सांगून टाकलं. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला गाडीच्या डिकीत बाटल्या वाजत होत्या.

"काय वाजतंय?" बद्रीनाथने विचारलं.

"सलाईन. कॅल्शियमच्या बाटल्या. जनावरांच्या."

"मग लावा की!" तो जवळजवळ ओरडला. "गाडी थांबवा आन् लावा! गाईला चालतंय ते माणसाला चालंल की, कॅल्शियम ते कॅल्शियमच!"

"चेअरमन, गप बसा," डॉ. शिवकन्या समोर बघत म्हणाल्या. "गाईला पण मी छातीवर कान ठेवून, हळूहळू देते. ती बाटली माणसाची न्हाई, आन् मी माणसांची डॉक्टर न्हाई. जोरात गेलं तर काळीज बंद पडंल यांचं. दवाखान्यात मशीन लावून देतील." मग आरशातून मागे बघत त्या म्हणाल्या, "वहिनी, श्वास सावकाश. माझ्याकडं बघा. आलोच आपण."

बद्रीनाथने सत्यशीलाचे हात आपल्या हातात घेतले. बोटं उघडायचा प्रयत्न केला, उघडेनात. त्याला आधीच्या गाईची वळलेली मान आठवली आणि तो रडायला लागला. त्याला रडताना सत्यशीलाने लग्नापासून एकदाच बघितलं होतं, त्या गाईच्या वेळी. आता आपल्यासाठी रडतोय हे बघून तिला एवढ्या त्रासातही बरं वाटलं. पण हा मधेच गाईचंही नाव घेत होता, त्यामुळे नक्की कुणासाठी ते काही तिला ठरवता येईना. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांपुढे लागलेल्या ट्रकमधून वाट काढत डॉक्टरीणबाईंनी गाडी हायवेला घातली आणि बीडपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

बीडला दवाखान्यात छातीला वायरी लावल्या आणि शिरेतून सावकाश कॅल्शियम सोडलं. सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते, ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. बघता बघता सत्यशीलाचा अंगठा तळव्यातून बाहेर आला. मग बोटं सुटली, एकेक करून. घशातली शिट्टी थांबली. तिने आपला हात डोळ्यांसमोर धरून उघडला, मिटला, परत उघडला.

"मावशी, कॅल्शियमच्या गोळ्या का बंद केल्या?" तरुण डॉक्टरने विचारलं.

"संपल्या होत्या," बद्रीनाथ पटकन म्हणाला.

"मी पेशंटला विचारतोय."

सत्यशीला म्हणाली, "गाईनं खाल्ल्या."

डॉक्टरने तिच्याकडे निरखून बघितलं. मग सिस्टरकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "जरा बडबड चाललीय." आणि सत्यशीलावर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"सत्यशीला."

"आज वार कोणता?"

"गुरुवार. आज मेळावा होता."

"आपण कुठं आहोत?"

"बीडला. दवाखान्यात."

"शाब्बास. आता सांगा, गोळ्या कुणी खाल्ल्या?"

"गाईनं," सत्यशीला म्हणाली. "पेंडीतून."

डॉक्टरने सिस्टरला भ्रम झाल्याची नोंद करायला सांगितलं. त्यावर दाराशी उभ्या असलेल्या डॉ. शिवकन्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भ्रम न्हाई, खरंय ते. गाय माझी पेशंट आहे." मग त्या तरुण डॉक्टरने बद्रीनाथकडे बघितलं. बद्रीनाथ छताचा पंखा बघत होता.

सत्यशीला काही दिवसांनी घरी आली ती नव्या गोळ्या घेऊन. या वेळी सर्जननी बद्रीनाथचा फोन बंद करायला लावून सगळं पुन्हा सांगितलं. अजून काही महिने तरी गोळ्या घ्याव्या लागणार होत्या, पुढचं रक्त तपासून ठरणार होतं. बद्रीनाथने माफी मागितली नाही, ती त्याला येत नव्हती. पण तो जेवणानंतर पाण्याचा तांब्या घेऊन येऊन उभा राहायला लागला आणि सत्यशीलाने गोळी चावून गिळेपर्यंत हलायचा नाही. "पी," म्हणायचा. "चुकवायचं न्हाई." सूर गोठ्यातलाच होता. तिने तो गोड मानून घेतला.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं होतं. मेळाव्यातला तो प्रकार सगळ्यांनी बघितला होता आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचा अर्थ लावला होता. चेअरमनच्या बाईने पंधरा दिवस नुसतं संस्थेचं दूध प्यायलं, आणि तिचे हात वाकडे झाले. चेअरमननेच माईकवर कबूल केलं, दूध चालूय म्हणून. म्हणजे दुधात काहीतरी घालतात. शेजारच्या गावापर्यंत ही बातमी गेली. लेकुरवाळ्या बायका पोरांना संस्थेचं दूध द्यायला भ्यायला लागल्या. ज्या आश्रुबाने ठराव मांडला होता तोच पारावर बसून सांगायला लागला, "म्या तवाच म्हणलो होतो, डॉक्टरचं ऐका."

शेवटी बद्रीनाथने सभासदांची बैठक बोलावली. त्याने तासभर भाषण केलं, दुधात काय काय आहे ते सांगितलं, आणि जेवढं सांगेल तेवढा लोकांचा संशय वाढत गेला. घाबरून त्याने सत्यशीलाकडे बघितलं. तसं ठरलं नव्हतं. ती आपण होऊन उठली.

तिचा आवाज अजून बारीकच होता. त्यामुळे सगळी सभा गप्प झाली, पुढे सरकली. चेअरमनच्या सभेत एवढी शांतता कधीच झाली नव्हती.

"दुधात काय खोट न्हाई," ती म्हणाली. "मला दूध लागूच हुत न्हाई, हे आधीपासनंच हाय. ऑपरेशन झाल्यावर कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या असत्यात. त्या बंद झाल्या म्हणून हात वळले. दूध पिऊन न्हाई वळले, गोळ्या न्हाई म्हणून वळले."

"बंद कुणी केल्या?" मागून बंकट नावाच्या एका सभासदाने विचारलं. तो पुढच्या निवडणुकीला उभा राहणार होता.

सत्यशीलाने बद्रीनाथकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "घरात लई डॉक्टर हायेत, बाबा. कुणाकुणाचं नाव घेऊ?"

लोक हसले. बद्रीनाथ उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "त्याचं असं हाय मंडळी, आमच्या घरात काही कारणामुळं गोळ्या बंद झाल्या होत्या."

"झाल्या कशानं?" बायकांच्या बाजूने छबुबाईचा आवाज आला. ती गुडघ्यावर हात देऊन उठत होती. "आपल्याआप झाल्या व्हय रं? तू केल्या आन् म्या केल्या. आन् त्या आश्रुबानं सांगितलं. म्हातारी झाले, खोटं कशाला बोलू? आन् त्या गोळ्या म्या चंद्रीला चारल्या. सून मरता मरता वाचली माझी, आन् गाय बघा, दोन्ही वेळचं भांडं भरून सांडतंय!"

सभासदांनी एकमेकांकडे बघितलं. मग टाळ्या पडल्या. कशाला पडल्या ते बद्रीनाथला कळलं नाही, पण संशय फिटला एवढं दिसलं. माणसं त्याच्या पाठीवर थापा मारून गेली. घरचं झाकून न ठेवता सांगणारा असा चेअरमन बघितला नाही, असं बंकटसुद्धा नाइलाजाने म्हणाला. सत्यशीला सासूचा हात धरून घरी निघाली. वाटेत ती म्हणाली, "आत्याबाई, लई धाडस केलं."

"धाडस कसलं," छबुबाई म्हणाली. "आता माझ्या बी पायाला मुंग्या येत्यात. मला बी दे त्यातली एक." सत्यशीलाने दिली नाही. आधी दवाखान्यात दाखवू म्हणाली.

महिना होत आला तेव्हा गोळ्या संपत आल्या. सत्यशीला आणि बद्रीनाथ मांजरसुंब्याला औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने चिठ्ठी बघितली आणि मान हलवली.

"ह्या न्हाईत. कालच संपल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. मागवल्या तेवढ्या उठल्या. आतल्या गावचे लोक डबेच्या डबे घेऊन जायलेत." त्याने चिठ्ठी परत करत सहज विचारलं, "तुमच्याकडं किती गाई हायेत?"

बद्रीनाथने चिठ्ठी खिशात घातली. सभेत लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या ते त्याला आत्ता कळलं. सत्यशीलाने पदर तोंडाला लावला, पण तिला हसू आवरेना. हसता हसता तिचा आवाज फुटला, चांगला मोठा, ऑपरेशनच्या आधी होता तसा. दुकानदार दचकला.

"थांब इथंच," बद्रीनाथ म्हणाला. "मी बीडला जाऊन आणतो."

"आज संध्याकाळपुरत्या हायेत घरी. उद्या जा."

"आत्ताच जातो," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. ती दुकानापुढच्या बाकावर बसून राहिली, जाणाऱ्यायेणाऱ्या ट्रककडे बघत. चेअरमन बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही खिशांत, पिशवीत आणि शर्टाच्या आत गोळ्यांची पाकिटं होती.

"एवढ्या कशाला?" तिने विचारलं.

बद्रीनाथने आजूबाजूला गावातलं कुणी नाही ना ते बघून घेतलं. "असू दे," तो हळूच म्हणाला. "गावात अजून बऱ्याच गाई व्यायच्यात."